भुंगेऱ्यांनी मारलेल्या पाईनचं इंधन का करत नाहीत?

बॉयलरकाका
मंडळी, एक शंका. भावाकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला आलोय. परवा बर्थड खिंड ओलांडून विंटर पार्ककडे उतरलो, तर वाळक्या पाईनचे नुसते खराटे उभे. कितीतरी आडवेही पडलेले. भाऊ म्हणाला, भुंगेऱ्यांनी मारले. मी साखर कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली, बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची मूठही आम्ही वाया घालवत नाही. हे एवढं लाकूड कुजतंय, बघून जीव तुटतो. याचं इंधन का होत नाही?

शेकोटी
काका, त्याच भागात मी दोन उन्हाळे संशोधकांसाठी झाडं मोजत हिंडलेय. आधी माझंही हेच मत होतं.

भुंगेरा तांदळाच्या दाण्याएवढा. लॉजपोल पाईनच्या सालीत घुसतो, सोबत बुरशी नेतो. खोड आडवं कापलं की कडेला निळसर पाचरी दिसतात, ती हीच बुरशी. झाडाचं पाणी तोडते. पुढच्या उन्हाळ्यात पानं लाल होतात, तोवर भुंगेरे दुसऱ्या झाडावर उडालेले असतात. म्हणजे तुम्ही पाहिलेले खराटे तोडून साथ थांबत नाही. कोलोरॅडोत 1996 ते 2013 मध्ये साधारण 34 लाख एकरांवर ही कीड फिरली.

आणि ते जंगल मेलेलं नाही हो! खराट्यांखाली वाकून बघा, सावलीत फर झाडांची पोरं गुडघ्याएवढी झालेली असतात. तोडलेल्या जागी ऊन जमिनीला लागतं, मग पुन्हा लॉजपोल आणि अ‍ॅस्पेनची झाडं जोर धरतात. तोडणं-न तोडणं म्हणजे पुढच्या शंभर वर्षांचं जंगल कुठलं ते ठरवणं. सुतारपक्ष्याला तर उभं वाळकं झाडच लागतं.

बॉयलरकाका
पटलं. पण रस्त्याकडेला फांद्या-शेंड्यांचे घराएवढे ढीग रचलेले दिसले, ते कशाला?

शेकोटी
बरोब्बर जागी बोट ठेवलंत. गावांभोवती वणव्याच्या भीतीने तोडणी होतेच. सरळ खोडं लाकूड म्हणून जातात, उरलेलं रचून बर्फ पडल्यावर पेटवतात. त्या ढिगाखालची माती इतकी भाजते की पन्नास वर्षांनीही तिथे झाडांविना मोकळी गोल जागा दिसते. मी अशा एका गोलात उभी राहून डबा खाल्लाय. भोवती दाट पाईन, मध्ये फक्त गवत. माझ्या मते इंधन करायचं तर या ढिगांचं. आतल्या उतारावरच्या खराट्यांना हात लावू नये.

दगडूशेठ_नागपूर
आमच्या बाजूला मध्य प्रदेशातल्या मंडल्यात नव्वदच्या दशकात सालबोरर, म्हणजे साल वृक्ष पोखरणारा किडा आला होता, तोही भुंगेराच. ताजा साल वृक्ष पाडून त्याची साल ठेचायचे, रसाच्या वासाने भुंगेरे जमले की पकडून मारायचे. लाखो झाडं तोडली. (साल झाड आणि झाडाची साल, वाचताना सांभाळा.)

बॉयलरकाका
ढिगांचं इंधन मग अडतं कुठे? वाळलेलं आयतं मिळतंय.

शेकोटी
ट्रकमध्ये. 2013 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने विद्यापीठांच्या गटाला सुमारे एक कोटी डॉलर दिले, लाकूड हवेविना तापवून द्रवइंधन आणि कोळसा करता येतो का बघायला. त्याच सुमारास कोलोरॅडोतल्याच जिप्सम गावात 11.5 मेगावॅटचं लाकडावरचं वीजकेंद्रही सुरू झालं. पण फांद्यांचा ट्रक म्हणजे निम्मी हवाच, वर घाटरस्ता.

बॉयलरकाका
हां, मग कळलं. आमचं बगॅस गिरणीतून पट्ट्यावरून थेट भट्टीत पडतं. डिझेल जाळून आणावं लागलं असतं, तर आम्हीही ढीगच पेटवले असते.