जुन्या सरकारी लॅबचं वायरिंग, आधी काय बदलायचं?

लॅबवाला: सरकारी संशोधन संस्थेची सत्तरच्या दशकातली बिल्डिंग, अजून किटकॅट फ्यूज (चिनीमातीचे जुने, तार बदलायचे) आणि ॲल्युमिनियम वायर, त्यावर आता उणे 80 अंशांचे सॅम्पल ठेवायचे फ्रीझर आणि एसी, मेन पॅनल तापतं. बजेट टप्प्याटप्प्यानेच मिळणार. सुरुवात कुठून करू?

वायरमनदादा: आधी अर्थिंग मोजून घ्या राव, अर्थिंगचे खड्डे कोरडे ठणठणीत असतात, पाणी कोण घालतंय! मग पॅनल. नुसत्या एमसीबीने (ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) शॉक थांबत नाही, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) लागतेच.

सॅम्पलताई: पण सगळे फ्रीझर एकाच आरसीसीबीवर नकोत हं, रात्री ट्रिप झाली की सॅम्पलची वाट लागली. वेगळी सर्किटं, शिवाय अलार्म.

वायरमनदादा: बरोबर. आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) बारीक घेऊ नका, कॉम्प्युटर-यूपीएसच्या हार्मोनिक्सने (करंटच्या वेड्यावाकड्या लहरींनी) तोच तापतो.

लॅबवाला: ओके, साहेबांची सही झाली की रविवारी शटडाऊन घेतो.