अनुभव धागा : नाताळच्या ताटात काय वाढले जाते?

नाताळ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना बेकरीतला प्लम केक आठवतो. मात्र ज्या घरांत हा सण पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, तिथले ताट मुलुखागणिक वेगळे असते. आपण नाताळचे जेवण जिथे जेवलात, तिथे काय रांधले होते, ते कसे केले होते आणि कोणाकोणाला वाढले गेले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी माझ्या वसईच्या घरापासून करतो, त्याखालचे अनुभव इतर सभासदांचे.

वसई
आमच्याकडे नाताळची तयारी मे महिन्यातच सुरू होते, कारण बाटली मसाला त्या उन्हातच होतो. मिरच्या, धणे, हळकुंडे आणि इतर कितीतरी जिन्नस कडकडीत वाळवून, भाजून, कुटून तो गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत दाबून भरतात. नाताळच्या मटणाच्या रश्श्याला त्याच मसाल्याचा रंग चढतो. पण सणाचा खरा मान फुगे नावाच्या तळलेल्या पदार्थाचा. मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि थोडी साखर यांचे सैलसर पीठ भिजवतात. पूर्वी ते आंबवायला ताडी घालत, आता बहुतेक घरांत यीस्ट वापरतात. माझी आई हात ओला करून पीठ मुठीत घेते, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून लिंबाएवढा गोळा वर काढते आणि अलगद तेलात सोडते. गोळा क्षणभर बुडतो, मग वर येऊन टम्म फुगतो, आणि पीठ नीट आंबले असेल तर खालची बाजू तांबूस होताच आपणहून उलटतो. पीठ तोडताना हात आखडला की फुग्याला शेपटी राहते. आत जाळी पडलेला तो गरम फुगा रश्श्यात बुडवला की सगळा रस पिऊन घेतो. माझ्या मते फुगे सकाळी चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) आटोपून आल्यावर पहिल्या तासाभरातच खावेत, दुपारपर्यंत त्यांचा मऊपणा उतरतो.

क्राकूफ, पोलंड
मी इथे शिकायला असताना घरमालकीणबाईंनी मला 24 डिसेंबरच्या रात्री जेवायला बोलावले. या जेवणाला विगिलिया म्हणतात. मांस अजिबात नसते, मासे मात्र चालतात, आणि परंपरेने बारा पदार्थ करतात. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवायला बसत नाही. आमच्याकडच्या चतुर्थीच्या चंद्रोदयाची मला फार आठवण झाली. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली येशूच्या गोठ्याची खूण म्हणून थोडे वाळलेले गवत पसरलेले होते. जेवणाआधी प्रत्येकाने ओपवातेक नावाची कागदासारखी पातळ वडी हातात घेतली, दुसऱ्याच्या वडीचा तुकडा मोडून खाल्ला आणि त्याला वर्षभराच्या शुभेच्छा दिल्या. मग लालभडक बिटाचे आंबटसर सार आले, त्यात अळंबीचे सारण भरलेली, कानाच्या आकाराची इवलीशी मोदकेच जणू तरंगत होती. त्यानंतर कोबी व अळंबीचे पिएरोगी (सारण भरलेल्या करंज्यांसारखा पदार्थ), तळलेला कार्प मासा, हेरिंग, खसखशीची गोड पोळी आणि धुरावलेल्या सुक्या आलुबुखारांचे पेय, असे एकेक येत राहिले. टेबलावर एक ताट जास्तीचे मांडलेले होते. मला वाटले, तेच माझे. पण माझी जागा बाईंनी वेगळी ठेवली होती. ते ताट अवचित दार ठोठावणाऱ्यासाठी असते आणि जेवण संपेपर्यंत ते तसेच राहिले.

म्हापसा, गोवा
वर त्या जास्तीच्या ताटाविषयी वाचले आणि आमच्या वाड्यावरच्या कोंसुआदाविषयी लिहावेसे वाटले. दोदोल, नेवऱ्यो, कुळकुळ, दोस आणि थरावर थर भाजलेली बेबिंका अशा गोडधोडाचे ताट विणलेल्या रुमालाने झाकून शेजारपाजारी पाठवतात, तोच कोंसुआदा. आम्ही हिंदू असलो तरी शेजारच्या मावशींकडून ते दरवर्षी येते, आणि दिवाळीचा फराळ आमच्याकडून त्यांच्याकडे जातो. त्यांच्या घरी दुखवटा होता त्या वर्षी चुलीवर दोदोलाची कढई चढली नाही. तेव्हा माझ्या आईने करंज्या करून डबा भरून नेऊन दिला.

टोकियो
इथे 25 डिसेंबरला सुट्टी नसते. तरीही 1974 साली केंटकी फ्राइड चिकनने देशभर केलेल्या जाहिरातीपासून नाताळला तळलेली कोंबडी खाण्याची पद्धत रुळली आहे, आणि ती आधीपासून नोंदवून ठेवावी लागते. जोडीला साय आणि स्ट्रॉबेरीचा पांढराशुभ्र केक असतो.

आदिस अबाबा
इथिओपियाचा नाताळ, म्हणजे गेन्ना, 7 जानेवारीला येतो. त्याआधी ऑर्थोडॉक्स कुटुंबे 43 दिवस मांस, दूध, अंडी यांतले काहीच खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशीच्या दोरो वात या कोंबडीच्या रश्श्याची वाट सगळे घर पाहत असते. माझ्या सहकारी बाईंनी ढीगभर कांदा आधी तेलाशिवाय तासन्‌तास परतला, मग मसालेदार तूप आणि बेरबेरे मिरचीपूड घातली, शेवटी कोंबडीचे तुकडे आणि उकडलेली अंडी सोडली. एकाच मोठ्या ताटात इंजेरा, म्हणजे आंबोळीसारखी मऊ पोळी, पसरून आम्ही सगळे भोवती बसलो. त्यांच्या आईने इंजेऱ्याचा मोठा तुकडा तोडला, त्यात रस्सा आणि अंडे गुंडाळले आणि तो घास माझ्या तोंडाशी धरला. याला गुर्शा म्हणतात, आणि घास जितका मोठा तितकी माया जास्त. मी पहिला घास चावतच होतो, तोवर त्यांनी दुसरा करून ठेवला होता.