त्रिपुरारीचे दिवे आणि पुलाखालचा ‘वीस फुटी प्राणी’

कुलकर्णी काकू (बी-204): *फॉरवर्ड केलेला मेसेज, सोबत व्हिडिओ*
सांगलीकरांनो सावधान!! आयर्विन पुलाखाली 20 फुटी विचित्र जलचर!! तीन कुबडं, काळी पाठ, प्रवाहाच्या उलट पोहतोय. त्रिपुरारीला घाटावर जाऊ नका. सगळ्या ग्रुपवर पाठवा!!

कुलकर्णी काकू (बी-204): बघा हो, परवा आपल्या बायका-मुलं दिवे सोडायला जाणारेत. रद्द करायचं का?

सेक्रेटरी (ए-101): थांबा काकू, लगेच रद्द नको. जोशी सर, स्नेहा, जरा बघता का?

स्नेहा (सी-305): काकू, व्हिडिओ इथला नाही. शेवटाकडे उजव्या कोपऱ्यात होडीचं टोक दिसतं. तिच्या बाजूला आडव्या दांड्यांवर ओंडका बांधलाय. ती उलांडीची होडी, समुद्र-खाडीकडची. आपल्या कृष्णा नदीत उलांडी कोण लावतंय? आणि आयर्विन पुलाच्या दगडी कमानी एकदाही दिसत नाहीत. शिवाय मागची झाडं वाऱ्यानं वाकतायत, पण आवाजात वाऱ्याची घरघर नाही, म्हणजे आवाज नंतर चिकटवलाय.

शिंदे (ए-202): हे घरी कसं तपासायचं? आमच्या गावच्या ग्रुपवरपण फिरतंय.

स्नेहा (सी-305): तीन स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर, म्हणजे चित्रावरून शोधतं त्यात, टाका. एक सुरुवातीचा, एक प्राणी सगळ्यात स्पष्ट दिसतो तो, आणि एक नुसत्या काठाचा, ज्यात प्राणी नाही. बहुतेक लोक तिसरा काढतच नाहीत, पण जागा ओळखू येते ती त्यातूनच. व्हिडिओवरची लाल पट्टी आणि अक्षरं कापून टाका, नाहीतर गूगल लेन्स चित्र सोडून अक्षरंच शोधत बसतं. काही सापडलं नाही तर फोटो आडवा उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा, परत शोधा. मूळ व्हिडिओ सापडू नये म्हणून असा उलटा करून टाकणारे बरेच आहेत.

जोशी सर (ए-303): स्नेहानं जागेचं सांगितलं, मी प्राण्याचं सांगतो. कुबडं वर-खाली होतायत, इथंच निम्मं उत्तर आहे. मासा, साप, मगर पोहताना अंग डावीकडे-उजवीकडे वळवतात. पाठीचा कणा वर-खाली वाकवून पोहणारे ते सस्तन प्राणी. म्हणजे साप किंवा मगर नाहीच. आता एकेक कुबड नीट बघा. पहिलं बुडतं तेव्हा दुसरं वर येतं आणि प्रत्येकाच्या मागे पाण्यावर व्ही आकाराची वेगळी रेघ उमटते. एकच प्राणी असता तर रेघ एकच उमटली असती. ही पाणमांजरं आहेत, एकामागोमाग एक चाललेली. मोठं पाणमांजर शेपटीसकट साडेतीन-चार फूट भरतं. तिघं-चौघं थोडं थोडं अंतर ठेवून गेली की झाला वीस फुटी राक्षस.

माने (बी-401): स्कॉटलंडच्या त्या लॉक नेसच्या तळ्यातल्या राक्षसाचं पण असंच आहे ना सर?

जोशी सर (ए-303): तिथली 1934 सालची मान वर काढलेली जी प्रसिद्ध छायाचित्रं आहेत, ती खेळण्यातल्या पाणबुडीवर नकली डोकं बसवून घेतली होती. हे उघड झालं 1994 मध्ये. साठ वर्षं गेली. फसले ते मुख्यतः आकाराला. भोवती काठ, होडी, माणूस काहीच नसेल तर फूटभर खेळणं आणि वीस फुटी प्राणी सारखेच दिसतात. पुढे 2018 मध्ये त्या तळ्याचं पाणी ठिकठिकाणाहून घेऊन त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, वाम जातीच्या ईल माशाचा मात्र भरपूर. म्हणून कुणी ‘एवढा लांब’ म्हणालं की आधी विचारायचं, शेजारी मोजायला काय होतं?

पाटील (सी-102): सर, तो व्हिडिओ खोटा, मान्य. पण नदीत काहीच नाही असं कुणी समजू नका. भिलवडी, औदुंबर, आमणापूर, ब्रह्मनाळ, डिग्रज ह्या सगळ्या पट्ट्यात मगरी हायत.

जोशी सर (ए-303): बरोबर, मुद्दा तोच आहे. खोट्या प्राण्यापायी खऱ्याकडे दुर्लक्ष होतं. कृष्णेत आहे ती दलदली मगर. मादी सात-आठ फूट, नर दहा-अकरा, क्वचित त्याहून मोठा. सगळी मगर पाण्यावर कधीच दिसत नाही. नाकपुड्या आणि डोळे, बस. नाकपुड्यांच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मनात धरा आणि साताने गुणा, साधारण लांबी मिळते. डोकं दीड फूट दिसलं तर मगर दहा-साडेदहा फूट. अंदाज चुकतो तो लाटेमुळे, कारण मगरीच्या मागची लाटही लोक अंगात धरतात.

कुलकर्णी काकू (बी-204): पण सर, साप डोकं वर काढून जातो तसं काहीतरी घाटावरच्यांनी पण पाहिलंय म्हणे.

जोशी सर (ए-303): दिवड तशीच पोहते, ती बिनविषारी. मान लांब आणि तोंड नळीसारखं दिसलं तर मऊ पाठीचं कासव. ते श्वासासाठी नुसती नळी वर काढतं, पाठ पाण्याखालीच ठेवतं. पहाटे पाण्यावर खूप तोंडं उघडमीट करताना दिसली तर घुसमटलेले मासे. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, त्यात घाण पाणी सोडलेलं असेल तर जास्तच. आणि पुरात वाहत येणारे केळीचे खांब, उसाची बेटं, प्लॅस्टिकचे पिंप तर दरवर्षी कुणाला ना कुणाला प्राण्याची पाठ वाटतातच. 2019 ला पाणी आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा काय काय वाहून आलं ते आठवा.

कुलकर्णी काकू (बी-204): आणि आसरांचं काय? डोहात साती आसरा असतात, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरलं की ओढून नेतात, असं जुनी माणसं उगाच नाही सांगत.

माने (बी-401): काकू, चोळीखण, बांगड्या वाहताय ते वाहा, त्याला कुणाची हरकत नाही. पण ‘ओढून नेलं’ याची कारणं दोन, आणि दोन्ही आपल्या नदीत आहेत. एक, वाळू उपशाचे खड्डे. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल पुरुषभर खोलात जातं आणि कडेची वाळू ढासळते, त्यामुळे मागे फिरता येत नाही. दोन, बंधारा. सध्या बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेत. वरून पडणारं पाणी पायथ्याशी खाली जातं आणि पृष्ठभागावरचं उलटं, भिंतीकडे फिरतं. त्यात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, बुडतो, थोडा पुढे वर येतो, परत ओढला जातो. पट्टीचा पोहणारासुद्धा दमतो. वरून पाणी अगदी संथ दिसतं. ओंडकाही तिथं तासन्‌तास जागच्या जागी गरगरतो आणि लांबून जिवंत वाटतो.

जोशी सर (ए-303): तिन्हीसांजेचा नियम मात्र मला पटतो. थंडीत मगर सकाळी उन्हाच्या बाजूच्या काठावर पडून असते. संध्याकाळी हवा गार होते, पाणी त्यामानाने उबदार राहतं, तेव्हा ती पाण्यात उतरते. शिकारही तेव्हाच आणि रात्री. भर दुपारचं मात्र जुळत नाही.

पाटील (सी-102): शेतकऱ्याला दुपार-संध्याकाळ कुठली? लाइट येईल तेव्हा मोटर. पाणी उतरलं की पाइपच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, मग पुढं सरकवायला नाहीतर जाळीतला कचरा काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं. तिथंच घात होतो. व्हॉल्व्हला दोर बांधून ठेवायचा, कचरा काढायला काठावर ओढून घ्यायचा. उतरायचंच असेल तर दोघांनी जायचं, एकानं काठावरून नुसतं पाण्यावर लक्ष ठेवायचं, मोबाइल खिशात. फेब्रुवारी ते एप्रिल मादी काठाच्या वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, दोनेक महिन्यांनी पिल्लं निघतात. तेव्हा ती राखणीला जवळच असती. वाळूत उकरलेलं दिसलं की लांबूनच मागं फिरायचं.

सेक्रेटरी (ए-101): मग परवाचं काय करायचं? जायचं का नाही?

जोशी सर (ए-303): जायचं. घाटावर गर्दी, उजेड, आवाज असतो, मगर तिथं सहसा थांबत नाही. गर्दी सोडून बाजूच्या मोकळ्या काठावर ‘शांत जागा’ म्हणून जाणारे असतात ना, त्यांना आवरा. अंधार पडायच्या आत एकदा पाण्यावर नजर फिरवा. अंधारानंतर जोरदार टॉर्च डोळ्यांच्या रेषेत, कानाशेजारी धरून पाण्यावरून हळू फिरवा. कमरेजवळ धरलात तर मगरीच्या डोळ्यांची चमक परत तुमच्या डोळ्यांपर्यंत येत नाही. लालसर-नारिंगी ठिपका स्थिर दिसला आणि मग विझला तर तिथून सगळ्यांना वर घ्या.

शिंदे (ए-202): पण दिवा सोडायला वाकावं तर लागणारच की.

स्नेहा (सी-305): सहा फुटी बांबू, टोकाला जाड तारेचं यू. पानाचा द्रोण त्या तारेत ठेवायचा, पाण्यावर टेकवायचा, काठी हळूच खाली दाबून मागे ओढायची. पाण्याच्या कडेपासून दोन कोरड्या पायऱ्या सोडून उभं राहून जमतं. तेल काठोकाठ घातलं की टेकताना द्रोण कलंडतो, त्यामुळे थिजलेल्या तुपातली फुलवात बरी. थर्माकोलचे द्रोण कृपया कुणी आणू नका.

कुलकर्णी काकू (बी-204): काठीनं दिवा सोडायचा? बरं. पुण्य लागलं म्हणजे झालं 😄

पाटील (सी-102): आणि मगर दिसली तर दगड मारायचा नाही, सेल्फी काढायला जवळ जायचं नाही. वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला प्राणी आहे, त्रास देणं, मारणं म्हणजे केस. तीन ते सात वर्षं. वनविभागाचा 1926 लावायचा, जीवावर बेतलं असेल तर 112.

सेक्रेटरी (ए-101): काकू, तो फॉरवर्ड ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करा प्लीज. मी पिन करायला मेसेज टाकतो, बघा:
“परवा साडेपाचला गेटवर जमणे. फक्त मुख्य घाट. पाण्यात कुणी उतरू नये, मुलांचा हात सोडू नये. बांबू चार, सी-305 कडे. टॉर्च दोन, ए-303 व बी-401. कुत्रे आणू नये. मगर दिसल्यास 1926. बंधाऱ्याकडे जाऊ नये.”

माने (बी-401): बंधाऱ्याचं वाक्य शेवटी का? पहिलं घ्या. मगर बघून पोरं पळतील तरी, संथ पाणी बघून उतरतात.