फिल्टरांची साखळी: क्रम आणि शेवट

जावामध्ये जीझिप (डेटा दाबून लहान करणे) आणि कूटबद्धीकरण (डेटा गुप्त करणे) अशा दोन फिल्टरांतून, म्हणजे डेटावर प्रक्रिया करून तो पुढे देणाऱ्या टप्प्यांतून, लिहिलेली फाइल लहान का होत नाही आणि परत वाचताना शेवटाशी त्रुटी का येते, असा मूळ प्रश्न आहे. फाइल लहान न होण्याचे कारण फिल्टरांचा क्रम हे आहे. साखळीतला प्रत्येक आउटपुट स्ट्रीम (लिहिला जाणारा डेटा पुढे नेणारा प्रवाह) आपल्या पोटात पुढचा स्ट्रीम बाळगतो, त्यामुळे सर्वांत बाहेरचा फिल्टर डेटाला सर्वांत आधी हात लावतो. म्हणून जीझिप बाहेर, त्याच्या आत सायफर (कूटबद्ध करणारा फिल्टर) आणि सर्वांत आत फाइल अशीच रचना हवी. उलट केल्यास यादृच्छिक भासणारे कूटबद्ध बाइट जीझिपकडे जातात आणि त्यांत पुनरावृत्ती नसल्याने ते दाबले जात नाहीत. वाचतानाही रचना तीच ठेवावी, कारण तिथे डेटा आतून बाहेर येतो.

शेवटच्या त्रुटीचे कारण माझ्या मते वेगळे आहे, आणि तेच अधिक फसवे आहे. फ्लश केले (साठलेला डेटा पुढे ढकलण्याची आज्ञा दिली) की सर्व लिहून झाले, हा समज येथे चालत नाही: सायफर एईएसचा (ठोकळ्याठोकळ्याने कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीचा) 16 बाइटांपेक्षा कमी भरलेला ठोकळा स्वतःकडेच धरून ठेवतो, आणि जीझिपची 8 बाइटांची शेपूट, जिच्यात सीआरसी (डेटा बिघडला का हे तपासण्याचा अंक) व मूळ लांबी असते, ती फिनिश (लेखन पूर्ण करणे) किंवा क्लोज (स्ट्रीम बंद करणे) केल्यावरच बाहेर पडते. त्यामुळे क्लोज नेहमी सर्वांत बाहेरच्या स्ट्रीमवरच करावे. ते आतल्यांपर्यंत आपोआप पोहोचते. आतली फाइल थेट बंद केली, तर वरच्या फिल्टरांत अडकलेला डेटा कायमचा जातो.