ऑडिट लॉग बाहेरच्या मॉनिटरिंग प्लॅटफॉर्मकडे पाठवताना नोंदी गळतात

प्रश्न:
आमच्या लिनक्स सर्व्हरवरील ऑडिट लॉग (कोणी काय केले याच्या नोंदी) ऑडिटडी या नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रामकडून आरसिसलॉग या लॉग पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रामकडे आणि तेथून यूडीपी या प्रोटोकॉलने, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून, बाहेरच्या लॉग मॉनिटरिंग प्लॅटफॉर्मकडे जातात. सर्व्हरवरील मूळ फाइलशी ताळा घेतला असता काही नोंदी पलीकडे पोहोचलेल्याच नसतात, आणि प्लॅटफॉर्म थोडा वेळ बंद असला तर त्या काळातील सर्व नोंदी हरवतात. टीसीपी हा पोचपावती देणारा प्रोटोकॉल वापरल्यास हा प्रश्न सुटेल का?

उत्तर १:
निम्माच सुटेल. यूडीपीमध्ये पोचपावती नसते, त्यामुळे वाटेत गळलेले पाठवणाऱ्याला कळतच नाही. टीसीपीमध्येही जोडणी तुटते त्या क्षणी बफरमध्ये (पाठवण्यापूर्वीच्या तात्पुरत्या साठ्यात) असलेल्या नोंदी हरवू शकतात, कारण तेथील पोचपावती पलीकडच्या यंत्राची असते, लॉग स्वीकारणाऱ्या प्रोग्रामची नव्हे. प्लॅटफॉर्म आरईएलपी (स्वीकारणाऱ्या प्रोग्रामचीच पोचपावती देणारा लॉग-प्रोटोकॉल) स्वीकारत असेल तर तेच वापरावे, अन्यथा ६५१४ पोर्टवर टीएलएस, म्हणजे सांकेतिक करून पाठवणे. ऑडिट लॉगमध्ये वापरकर्त्यांची नावे आणि चालवलेले आदेश असल्याने ते उघडे पाठवणे मला तरी पटत नाही. मात्र तुमचे मुख्य दुखणे रांगेचे आहे. आरसिसलॉग मूळ मांडणीत पाठवण्याचा प्रयत्न फसल्यावर नोंद टाकून देतो, म्हणून त्या ॲक्शनला (आरसिसलॉगमधील पाठवण्याच्या आदेशाला) डिस्कचा आधार असलेली स्वतंत्र रांग द्यावी, पुनर्प्रयत्नांची मर्यादा उणे १, म्हणजे अमर्याद, ठेवावी आणि रांगेच्या फाइलींना डिस्कवर किती जागा घेऊ द्यायची तेही ठरवावे, नाहीतर प्लॅटफॉर्म बराच काळ बंद राहिल्यास सर्व्हरची डिस्कच भरेल.

उत्तर २:
ताळा घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑडिटची एकच घटना अनेक ओळींत लिहिली जाते आणि त्या ओळींना जोडणारा दुवा म्हणजे त्यांतील वेळ व अनुक्रमांक. अनेक सर्व्हरचे लॉग एकत्र आले की त्याला होस्टचे, म्हणजे त्या त्या सर्व्हरचे, नावही जोडावे लागते. नुसत्या ओळी मोजून त्यांना घटना समजल्यास आकडे कधीच जुळणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आरईएलपीची सोय नसल्याने टीएलएस आणि डिस्कवरील रांग सुरू केली आहे. यापुढे गळती झालीच तर ती कशी ओळखावी?

उत्तर १:
केवळ अनुक्रमांकातील खंडांवर विसंबू नये. ठरावीक अंतराने दोन्हीकडच्या घटनांची संख्या ताडून पाहावी. ऑडिटसीटीएल या ऑडिटची स्थिती दाखवणाऱ्या आदेशातील ‘लॉस्ट’ (हरवलेल्या नोंदींचा) हा आकडाही पाहावा. तो वाढत असेल तर नोंदी आरसिसलॉगपर्यंत येण्याआधी कर्नेलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) गळत आहेत, आणि तेव्हा बॅकलॉगची, म्हणजे तेथे थांबलेल्या नोंदींच्या रांगेची, मर्यादा वाढवणे किंवा काय नोंदवायचे ते ठरवणारे ऑडिटचे नियम कमी करणे हा उपाय करता येतो.