मदत हवी आहे: व्हिएन्नात राहिलेले पणजी-पणजोबा सापडत नाहीत

ऋतुजा_पुणे:
दोन महिने रात्ररात्र बसतेय, काहीच हाती लागत नाही. आजी १९३९ मध्ये बोटीने मुंबईला आली, इथेच लग्न झालं. माहेरचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची. आई आता ७९ वर्षांची आहे, तिच्या हयातीत कळायला हवं. ट्रंकेत आजीचा पासपोर्ट आणि रेडक्रॉसचं एक पत्र आहे. याद वाशेम, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंची नोंद ठेवणारी इस्रायलमधली संस्था, तिच्या यादीत शोधलं, शून्य. कुणी सांगेल का, लवकर?

नाना_अलिबाग:
आजी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंपैकी का? आडनाव कळलं तर गाव सांगतो. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे. आमच्या शेजारी तेलाचा घाणा असलेलं कुटुंब होतं, फार भली माणसं.

ऋतुजा_पुणे:
नाही हो नाना, आजी व्हिएन्नाचीच.

मकरंद७२:
सरळ डीएनए टेस्ट करा. माझ्या साडूला कॅनडातले चुलतभाऊ सापडले.

शलाका_म्युनिक:
डीएनएने जिवंत नातलग सापडतील, पण गेलेल्यांचं काय झालं ते नाही कळणार. ऋतुजा, नावं कशी टाकलीत? पत्रावर तारीख, पत्ता? जन्मसालं?

वैभव_कोल्हापूर:
कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला युद्धकाळात निर्वासितांची छावणी होती, तिची यादी पाहिली का?

शलाका_म्युनिक:
तिथे पोलंडचे लोक होते, बहुतेक कॅथलिक. इथे संबंध नाही.

ऋतुजा_पुणे:
पत्रावर आहेत तशीच टाकली. पणजोबांच्या नावात इस्रायल आहे, पणजीच्या सारा. आजीच्याही पासपोर्टवर सारा. जन्मसालं माहीत नाहीत. पत्र एप्रिल १९४२ चं, भाच्याने वाचून दिलं: ‘आम्ही बरे. धाकटीचं पत्र नाही. आम्ही लवकरच प्रवासाला निघू. काळजी नको.’ पत्ता व्हिएन्ना शहराच्या २ नंबरच्या जिल्ह्यातला आहे, पण घर नवव्या जिल्ह्यात होतं, म्हणून पत्र भलत्याच कुणाचं असावं असंही वाटतं.

शलाका_म्युनिक:
पत्र त्यांचंच आहे. आणि सारा, इस्रायल ही त्यांची नावंच नव्हेत! १९३९ पासून नाझींनी ज्यू बायकांच्या नावात सारा आणि पुरुषांच्या नावात इस्रायल सक्तीने घालायला लावलं. दोन्ही काढून शोधा. पत्ता बदलला कारण ज्यूंना घरातून काढून त्या २ नंबरच्या जिल्ह्यात एकेका खोलीत कोंबलं होतं. व्हिएन्नाच्या डीओडब्ल्यू दस्तऐवज केंद्राची नाझींच्या बळींची यादी ऑनलाइन आहे, त्यात शेवटचा पत्ता असतो. नाझींच्या छळाची कागदपत्रं जपणारं जर्मनीतलं आरोलसेन अर्काइव्ह्जही बघा.

मकरंद७२:
तरी टेस्ट करून ठेवाच. आणि २०२० पासून अशांच्या वंशजांना ऑस्ट्रियाचं नागरिकत्व मिळतं, अर्ज करून टाका.

ऋतुजा_पुणे:
नागरिकत्व नको मला.

ऋतुजा_पुणे:
सापडले. दोघंही. पत्रावरचाच पत्ता, घर क्रमांकासकट. २७ मे १९४२, व्हिएन्नाहून माली ट्रोस्टिनेत्स. हे मिन्स्कजवळचं नाझींचं हत्यास्थळ, पुढचं वाचलं. पत्रातला प्रवास म्हणजे हा. आईला अजून सांगितलेलं नाही. आजीची धाकटी बहीण मात्र यादीत कुठेच नाही.

शलाका_म्युनिक:
ऋतुजा, काय बोलू. पण ते वाक्य पुन्हा वाचा: ‘धाकटीचं पत्र नाही.’ म्हणजे ती त्यांच्याजवळ नव्हतीच. तिचं वय किती होतं?

ऋतुजा_पुणे:
फोटोमागे ‘१९३८, वय १४’ लिहिलंय.

शलाका_म्युनिक:
डिसेंबर १९३८ पासून युद्ध सुरू होईपर्यंत सतरापर्यंतची सुमारे १०,००० मुलं आईबापांशिवाय इंग्लंडला नेली होती. त्यांतल्या अनेकांच्या फायली लंडनच्या वर्ल्ड ज्यूइश रिलीफकडे आहेत, नातलगांना शोधून देतात. आजच लिहा. साराशिवाय.