एनपीटीईएल कोर्स: चौथ्या आठवड्यात मुलं गप्प झाली, कंटाळा की भीती?

प्रश्न (कॉलेज मेंटॉर)
एनपीटीईएलचा (आयआयटी, आयआयएस्सी यांचे ऑनलाइन कोर्स) १२ आठवड्यांचा कोर्स. तिसऱ्या आठवड्यापर्यंत असाइनमेंट वेळेवर आल्या. आता निम्मी मुलं शेवटच्या रात्री भरतात, शंका कोणी विचारत नाही. चेहरे दिसत नसताना मुलं कंटाळलीत की घाबरलीत, हे कसं ओळखायचं?

उत्तर १
मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेक्रुन यांनी २००६ मध्ये मांडलेली चौकट इथे कामाची आहे. शिकतानाच्या भावना दोन गोष्टींवर ठरतात: ‘मला हे जमेल का’ आणि ‘याचं मला मोल किती’. मोल आहे पण जमण्याची खात्री नाही, तिथे चिंता. जमणारच नाही असं ठरलं की हताशा. मोलच वाटत नसेल तर कंटाळा. मात्र कंटाळा फार सोप्या भागाने येतो तसा फार अवघड भागानेही येतो, त्यामुळे ‘बोअर होतंय’ एवढ्यावर निदान करू नका.

दर आठवड्याला निनावी गुगल फॉर्म द्या, प्रश्न दोनच: ‘हा भाग मला जमेल’, ‘हा भाग माझ्या उपयोगाचा आहे’, उत्तर १ ते ५. असाइनमेंटचे गुण कळण्याआधी भरून घ्या, नाहीतर गुणांचीच खुशी-नाराजी मोजली जाते. आणि कृपया सरासरी काढू नका. निम्म्यांचं १ आणि निम्म्यांचं ५ असेल तरी सरासरी ३ येते, आणि बुडणारी मुलं दिसतच नाहीत. प्रत्येकाची जोडी वाचा: २-५ म्हणजे चिंता, ५-१ म्हणजे कंटाळा.

उत्तर २
चिंतेवर पहिला उपाय म्हणजे गुणांचा हिशोब सांगणं. अशा बहुतेक कोर्समध्ये १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंटच धरतात, त्यांना २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात. हे ठाऊक नसलं की एक असाइनमेंट हुकली तरी मुलं कोर्सच सोडतात.

हताश मुलांना हिशोब पुरत नाही. एक गणित पूर्ण सोडवून द्या, दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी ठेवा, तिसऱ्यात दोन.

उत्तर ३
गोंधळ लगेच पुसू नका. शिकतानाच्या भावनांचे संशोधक सिडनी डिमेलो आणि आर्थर ग्रेसर यांच्या कामातून दिसतं की सुटलेला गोंधळ शिकवतो. न सुटलेला वैतागाकडे आणि पुढे कंटाळ्याकडे नेतो. म्हणून मुदतीच्या दोन दिवस आधी २० मिनिटांचं शंकासत्र घ्या. ‘समजलं का?’ ऐवजी ‘व्हिडिओच्या कितव्या मिनिटाला अडलात?’ असं विचारा. कॅमेऱ्याची सक्ती नको.

प्रश्नकर्ता
फॉर्म निनावी असेल तर घाबरलेल्यांना गाठायचं कसं?

उत्तर १
तिसरी ओळ ऐच्छिक ठेवा: ‘बोलायचं असेल तर नाव लिहा’. जे लिहितील त्यांना त्याच दिवशी फोन करा.